घर पुढे बदलता यावं असं वाटत असेल तर आधी काय हलणार नाही ते ठरवा

फ्लेक्सिबल घर म्हटलं की डोळ्यासमोर तेच व्हिडिओ येतात, भिंतीत उभा जाणारा पलंग, ओढलं की टेबल होणारं कपाट, चाकांवर सरकणारी अख्खी भिंत. बघायला मजा येते यात वाद नाही, पण रोज सकाळी अंथरूण-पांघरूण आवरून पलंग उभा करायचा उत्साह फार दिवस टिकत नाही, मग तो खालीच राहतो आणि खोलीत फिरायला जागा उरत नाही. फर्निचरचं नंतर बघता येतं. वीस-तीस वर्षं घराने आपल्याप्रमाणे बदलत राहावं असं खरंच वाटत असेल तर डोकं लावायचं ते न हलणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे कॉलम, पाण्याचे पाईप, दारं, खिडक्या आणि जिना. या पाच गोष्टी नीट बसल्या की बाकी सगळं स्क्रू-ड्रायव्हरने होतं, आणि चुकल्या तर कितीही भारी कपाटं करा, उपयोग नाही.

आता यात पर्यावरणाचा काय संबंध, तर जगातल्या ऊर्जेशी संबंधित कार्बन उत्सर्जनात इमारती आणि बांधकाम यांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. त्यात वीज, एसी, हीटर हे आलंच, पण सिमेंट, स्टील, विटा, काच बनवताना जो कार्बन हवेत जातो तो माणूस राहायला यायच्या आधीच गेलेला असतो, नंतर छतावर सोलर बसवून तो परत येत नाही. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटाच साधारण ७ ते ८ टक्के आहे, आणि घरातलं बहुतेक काँक्रीट असतं सांगाड्यात, म्हणजे कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये. म्हणजे सांगाडा जितकी जास्त वर्षं वापरात राहील तितकं बरं. पण बऱ्याच इमारती पाडल्या जातात तेव्हा त्या पडायला आलेल्या नसतात, आतली रचना लोकांच्या उपयोगाची राहिलेली नसते एवढंच. तेच टाळायचंय.

सुरुवात प्लॅनने नको, माणसांच्या यादीने करा

एक कागद घ्या आणि पुढच्या वीस वर्षांत या घरात कोण कोण राहू शकतं ते लिहा. दोघं जण, मग तान्हं बाळ, मग शाळेतली दोन मुलं, घरून काम करणारं कोणीतरी, गुडघे दुखणारे आई-वडील, मुलं बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या खोल्या, अर्धं घर भाड्याने द्यायची वेळ. भविष्य ओळखायची स्पर्धा नाहीये ही, तुमचा अंदाज चुकणारच आहे, म्हणूनच एकाच अंदाजावर घर बेतायचं नाही. प्रत्येक टप्प्यासमोर तीनच गोष्टी लिहा: झोपणार किती जण, दार बंद करून बसायची गरज कोणाला आहे, आणि आवाज कोण कधी करतं. बेडरूम किती हव्यात या प्रश्नापेक्षा हे जास्त कामाचं आहे, कारण घरून कॉल घेणाऱ्या माणसाला बेडरूम नको असते, बंद होणारं दार हवं असतं.

मग आर्किटेक्टला सांगा की एकाच सांगाड्यावर निदान तीन वेगवेगळे प्लॅन काढून दाखव. तान्ह्या बाळाचा, किशोरवयीन मुलांचा आणि घराचे दोन भाग केल्यानंतरचा. यातल्या एकाही प्लॅनसाठी कॉलम किंवा मैलापाण्याचा उभा पाईप हलवावा लागत असेल तर तो आत्ताच कागदावर हलवा. कागदावर हलवायला खोडरबर पुरतो.

कुठली गोष्ट किती वर्षं टिकते

१९६१ मध्ये एन. जॉन हाब्राकेन नावाच्या डच आर्किटेक्टने एक साधी गोष्ट मांडली, इमारतीचा सांगाडा ही सगळ्यांची सामाईक गोष्ट आणि आतली रचना ही राहणाऱ्याची, तेव्हा दोघांचे निर्णय वेगवेगळे ठेवा. पुढे याच विचाराला ओपन बिल्डिंग म्हणायला लागले. नंतर ब्रिटिश आर्किटेक्ट फ्रँक डफी आणि अमेरिकन लेखक स्ट्युअर्ट ब्रँड यांनी घराचे थर सांगितले: जमीन, सांगाडा, बाहेरची कातडी, पाणी-वीज, आतल्या भिंती, आणि सामान. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. ढोबळमानाने सांगाडा पन्नास ते शंभर वर्षं, पाईप-वायरिंग पंधरा ते तीस, आतल्या भिंती आणि फिनिशिंग त्याहून कमी, आणि सामान तर दर दिवाळीला आणि दर बोनसला बदलतं.

यातून कामाचा नियम एकच निघतो, कमी टिकणारी वस्तू जास्त टिकणाऱ्या वस्तूच्या पोटात पुरायची नाही. काँक्रीटमध्ये किंवा विटांच्या भिंतीत गाडलेला पाण्याचा पाईप हे याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण, पाईप वीस वर्षांनी गळायला लागतो, भिंतीला काही झालेलं नसतं, पण फोडावी लागते भिंतच, आणि टाइल्सचा तोच रंग बाजारात मिळत नाही म्हणून शेवटी अख्खी बाथरूम नवीन होते.

जपानमध्ये ओसाका शहरात १९९३ साली ओसाका गॅस कंपनीने नेक्स्ट२१ नावाची १८ घरांची प्रायोगिक इमारत बांधली ती याच तत्त्वावर, सांगाडा वेगळा, आतलं आणि बाहेरच्या भिंतींचं काम वेगळं, पाईपांना स्वतःची जागा. नंतर तिथली काही घरं पूर्ण बदलली, बाहेरच्या भिंतीसुद्धा सरकवल्या, आणि सांगाड्याला हात लागला नाही.

सांगाडा

शक्य असेल तिथे वजन कॉलमवर घ्या, आतल्या भिंतींवर नको. भार घेणारी भिंत घराच्या मधोमध आली की पुढचे सगळे पर्याय तिच्यापाशी अडतात. कॉलममधलं अंतर साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर मिळालं तर त्यात एक मोठी खोली किंवा दोन लहान खोल्या बसतात. फार मोठे स्पॅन, म्हणजे दोन कॉलममधली अंतरं, घेऊ नका, बीम खोल होतात, काँक्रीट-स्टील वाढतं आणि मग पर्यावरणाच्या नावाने सुरू केलेल्या कामात कार्बनच वाढतो. कॉलम भिंतीच्या जाडीत लपवण्याचा आपल्याकडे सगळ्यांचा हट्ट असतो, पण भिंत हलल्यावर तोच कॉलम खोलीच्या मध्ये उघडा उभा राहणार आहे हे ध्यानात ठेवून त्याची जागा ठरवा.

मजल्याची उंची थोडी जास्त घ्या. छत २.७ ते ३ मीटरवर असेल तर खालून पाईप नेता येतात, उजेड आत जातो, पंखा-दिवे बसवूनही डोक्यावर काही येत नाही. तळमजला साडेतीन-चार मीटर उंच ठेवला तर आज घर आणि उद्या दुकान, दवाखाना, पाळणाघर असं काहीही होऊ शकतं. आणि पुढे जिथे दार किंवा जिना काढायची शक्यता आहे तिथे आजच लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी आडवी पट्टी, टाकून ठेवा, स्लॅबमध्ये जिन्यापुरत्या चौकोनाच्या चारही बाजूंनी बीम किंवा जास्तीचं स्टील घालून ठेवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आज हे सांगितलं तर अगदी थोड्या जास्तीच्या कामात होतं, दहा वर्षांनी सांगितलं तर आधी तो अर्धा तास आपल्याकडे बघत बसतो.

पाणी, म्हणजे खरी गोम

खोल्या हलतात, संडास हलत नाही. संपूर्ण लेखातलं एवढं एकच वाचलंत तरी चालेल.

का हलत नाही ते नीट बघू. नळाचं पाणी दाबाने येतं, ते वर-खाली कुठेही नेता येतं. सांडपाणी आणि मैलापाणी मात्र उतारानेच वाहतं. मैल्याचा पाईप साधारण ११० मिलिमीटरचा, त्याला १:६० चा ढाळ द्यायचा असं धरलं तर उभ्या पाईपपासून तीन मीटरवरच्या कमोडला ५० मिलिमीटर उंची ढाळातच जाते, त्यात पाईपची जाडी, ट्रॅप किंवा बेंड आणि वरचा कोबा-टाइल्स धरल्या तर अडीचशे मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. सहा मीटरवर न्यायचं म्हटलं तर ढाळालाच १०० मिलिमीटर. ही जागा आणणार कुठून? एकतर तिथला स्लॅब आधीच खाली घेतलेला हवा, नाहीतर बाथरूम दोन पायऱ्या वर जाते, नाहीतर पाईप खालच्या माणसाच्या छतातून लोंबतो आणि भांडणं सुरू होतात.

म्हणून करायचं असं:

ओल्या जागा, म्हणजे बाथरूम, संडास, स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा, एकमेकांना पाठ लावून एका उभ्या शाफ्टभोवती, म्हणजे पाईपांसाठी सोडलेल्या पोकळीभोवती, गोळा करा. घर मोठं असेल, पुढे दोन भाग करायचे असतील, तर दोन टोकांना दोन शाफ्ट घ्या आणि दुसऱ्या शाफ्टमध्ये आज लागत नसलं तरी पाईप काढून टोपी लावून ठेवा. शाफ्टला माणूस हात घालून काम करू शकेल एवढं दार हवं, आणि ते दार पॅसेजमधून उघडलं पाहिजे, कोणाच्या बेडरूमच्या कपाटामागून नको. संकन, म्हणजे खाली घेतलेला, स्लॅब नुसता आजच्या बाथरूमपुरता न घेता शाफ्टच्या आजूबाजूचा दीड-दोन मीटरचा पट्टा खाली घेतला तर त्या पट्ट्यात बाथरूम लहान-मोठी करता येते, बेसिन बाहेर काढता येतं, संडास वेगळा करता येतो. वॉटरप्रूफिंग अख्ख्या पट्ट्याला करा, ते विसरलं जातं.

हा पट्टा घराच्या अगदी मध्यात घ्यायचा की एका बाजूला, यावर आर्किटेक्ट लोकांची दोन मतं असतात. मला बाजूला, म्हणजे कॉमन पॅसेज किंवा जिन्याच्या बाजूला घेतलेला आवडतो, त्याने खिडक्यांची बाजू पूर्ण मोकळी राहते. मध्यात घेतला तर त्याच्याभोवती गोल फिरता येतं, हाही एक फायदा आहे, पण मग एक्झॉस्टची हवा लांबून न्यावी लागते.

चिलीमधल्या इकिके शहरात २००४ साली आर्किटेक्ट अलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या एलेमेंटल या संस्थेने साधारण शंभर कुटुंबांसाठी घरं बांधली ती नेमकी याच हिशोबाने. पैसे अर्ध्या घराचेच होते, मग त्यांनी लहानसं पूर्ण घर न देता मोठ्या घराचा अवघड अर्धा भाग बांधून दिला, म्हणजे सांगाडा, जिना, बाथरूम, स्वयंपाकघर, शेजाऱ्याची सामाईक भिंत, आणि सोपा अर्धा भाग लोकांनी आपापल्या ऐपतीने नंतर भरला. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोतं आणि पाण्याची सोय असलेला गाभा देऊन वरचं घर कुटुंबांवर सोडलं होतं. अवघड ते आधी आणि नीट, हे दोन्हीकडे सारखं.

खोल्यांना नाव देऊ नका

प्लॅनवर मास्टर बेडरूम, चिल्ड्रन्स बेडरूम लिहिलं की एक खोली चौदा चौरस मीटरची आणि दुसरी आठची होते, आणि त्या आठमध्ये पलंग सोडून दुसरं काही मावत नाही. त्यापेक्षा सगळ्या खोल्या जवळपास सारख्या, बारा-तेरा चौरस मीटरच्या, शक्यतो चौकोनी. ३.५ बाय ३.५ मीटरच्या खोलीत डबल बेड बसतो, दोन सिंगल बसतात, ऑफिस होतं, लहान बैठक होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात १९२४ साली आर्किटेक्ट रीटफेल्टने ट्रूस श्रोडर या घरमालकिणीसाठी जे घर केलं ते वरच्या मजल्याच्या सरकत्या भिंतींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या भिंती सगळे बघतात, मला जास्त आवडते ती त्यामागची अट, की प्रत्येक खोलीत पलंग निदान दोन प्रकारे लावता आला पाहिजे. ही परीक्षा कुठल्याही प्लॅनला लावून बघा, निम्मे प्लॅन नापास होतात.

नापास होतात ते बहुतेक वेळा दारामुळे. दार भिंतीच्या मधोमध आलं की दोन्ही बाजूंच्या भिंती वाया. दार कोपऱ्याकडे घ्या, पण अगदी कोपऱ्यात चिकटवू नका, कोपरा आणि चौकट यांच्यात ६०० मिलिमीटर सोडा म्हणजे दारामागे कपाट उभं राहतं. मोठ्या खोलीला दोन दारांची सोय ठेवा, दुसरं आज बंद करून त्यावर शेल्फ लावा हवं तर.

खिडक्यांचंही तेच. सहा मीटर लांब हॉलला मध्ये एकच मोठी खिडकी दिली तर उद्या दोन खोल्या करताना पार्टिशन येऊन काचेवर आपटतं. दोन खिडक्या घ्या, मध्ये निदान ३०० मिलिमीटरची भिंत, पार्टिशन तिथे टेकेल. खिडकी वर जितकी उंच तितका उजेड आत जातो, साधा अंदाज म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट. कड २.१ मीटरवर असेल तर चार-पाच मीटरच्या पुढे दिवसाही दिवा लागणार. हवेचं गणित असं, एकाच बाजूला खिडकी असेल तर छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट आतपर्यंत हवा खेळते, समोरासमोर असेल तर पाच पटीपर्यंत. पार्टिशन घातल्यावर घराची आरपार हवा तुटते हे लोक विसरतात, म्हणून दारावर उघडणारी झडप ठेवा, जुन्या घरांत असायची तशी.

हलणाऱ्या भिंती

विटांची छतापर्यंतची साडेचार इंची भिंत दोन्हीकडून गिलावा धरून दर मीटर लांबीला सातशे किलोच्या आसपास भरते. जिप्सम बोर्डची ड्रायवॉल त्याच उंचीची सत्तर ते सव्वाशे किलो. वजनाचा फरक सांगाड्यातही वाचतो आणि पाडताना राडारोडाही होत नाही, उघडून फ्रेम पुन्हा वापरता येते. पण एकेरी बोर्डाच्या पोकळ पार्टिशनमधून शेजारच्या खोलीतली शिंकसुद्धा ऐकू येते, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड आणि मध्ये मिनरल वूल (आवाज शोषणारा तंतूंचा थर) घ्या, आणि वरच्या-खालच्या फटी अॅकॉस्टिक सीलंटने, म्हणजे आवाज अडवणाऱ्या लांबीने, बंद करा. आवाज भिंतीतून कमी आणि फटीतून जास्त येतो.

क्रम महत्त्वाचा. आधी संपूर्ण घराची फरशी सलग, आधी छत सलग, आणि मग त्यांच्या मध्ये पार्टिशन. उलट केलं, म्हणजे पार्टिशन उभं करून मग प्रत्येक खोलीत वेगळी फरशी घातली, तर भिंत काढल्यावर जमिनीत शंभर मिलिमीटरचा चर राहतो आणि दोन्हीकडच्या टाइल्सच्या रेषा जुळत नाहीत. बरेच कंत्राटदार सवयीने उलटच करतात, कामाच्या आधी लेखी सांगा.

सरकत्या आणि घडीच्या भिंती आवाजाला जवळपास निकामी, त्या फक्त नजर अडवायला. रोज उघडायची असेल तिथेच लावा. वर्षातून एकदा हलवायची भिंत सरकती कशाला, छतापर्यंत जाणारं कपाट उभं करा, तेच भिंत होतं.

वीज

मेन बोर्ड, सॉकेट, स्विच सगळं न हलणाऱ्या भिंतींवर. डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या त्या मेन बोर्डात, चार-सहा एमसीबीची (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) जागा रिकामी ठेवा. घर जिथे दोन भागांत तुटू शकतं तिथेच सर्किटही वेगळी करा. भिंतीला झिरी मारून वायर गाडण्यापेक्षा स्कर्टिंगच्या पोकळीतून किंवा पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधून न्या, आणि प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा कॉन्ड्युट, म्हणजे वायर ओवायचा पाईप, आत दोरी घालून सोडून द्या. दहा वर्षांनी कुठली वायर लागेल ते आज कोणालाच माहीत नाही.

म्हातारपण आणि मोडलेला पाय

याची लाज वाटायचं कारण नाही, पाय विसाव्या वर्षीही मोडतो. दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, बाथरूमचंही, आणि तेच नेमकं ७०० चं केलेलं असतं. एका बाथरूममध्ये व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचा गोल मोकळा, किंवा शेजारचं हलकं पार्टिशन काढून तो मिळेल अशी रचना. उंबरा नको, पाणी अडवायला लांबट जाळीचा निचरा आणि ढाळ पुरतो. कमोड आणि शॉवरच्या बाजूची भिंत ड्रायवॉल असेल तर टाइल्सच्या मागे जाड प्लायवूड आत्ताच घाला, पुढे धरायला दांडा लावायचा झाला तर दोन स्क्रूत काम होतं. घर दोन मजली असेल तर खाली एक खोली आणि एक पूर्ण बाथरूम हवीच.

एका घराची दोन घरं

मुख्य दारातून आत आल्यावर एक लहानशी प्रवेशाची जागा, आणि तिथून दोन दारं, एवढंच लागतं खरं तर. दारं उघडी तर एक घर, एक बंद केलं तर दोन. पण दोन्ही भागांना पाण्याचा शाफ्ट, खिडकी, वेगळा मीटर घेता येईल अशी वायरिंग, आणि मधल्या भिंतीला आग आणि आवाज दोन्ही अडवायची ताकद हवी. आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता दुसऱ्याच्या बैठकीतून जात असेल तर ते दोन घरं नव्हेत.

छोटी इमारत किंवा गृहनिर्माण प्रकल्प करत असाल तर आणखी एक मार्ग आहे, प्रत्येक घरात पाहुण्यांची खोली बांधूच नका. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये ट्राम डेपोच्या डोक्यावर २०१४ साली काल्कब्राइटे नावाची सहकारी वसाहत उभी राहिली, तिथे जोकर रूम म्हणून सुट्या खोल्या आहेत, ज्या कुटुंबाला काही काळ जास्तीची खोली हवी, मुलगा मोठा झालाय, आजारी माणूस आलाय, ते ती भाड्याने घेतं आणि गरज संपली की सोडतं. वर्षातले अकरा महिने रिकामी राहणारी खोली बांधली नाही यापेक्षा मोठी बचत कुठल्याही हिरव्या मटेरियलने होत नाही, असं माझं मत आहे, मटेरियलवाल्यांना आवडणार नाही.

घर आधीच बांधलेलं असेल तर

बहुतेकांचं असंच असतं. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने दोन सहकारी आर्किटेक्टना घेऊन १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींमधली ५३० घरं न पाडता बाहेरून ३.८ मीटर खोल बाल्कन्या आणि काचेच्या ओसऱ्या जोडून मोठी केली, काम २०१७ च्या सुमारास संपलं आणि कामाच्या काळात माणसं आतच राहत होती. आपल्या फ्लॅटला बाहेरून काही जोडणं एकट्याच्या हातात नाही, पण आत बरंच करता येतं. आधी मूळ ड्रॉइंग मिळवा आणि कुठली भिंत भार घेते, कुठे बीम आहे ते इंजिनिअरकडून तपासून घ्या, भिंतीवर टकटक करून गवंड्याने दिलेलं उत्तर चालणार नाही. ओल्या जागा जागच्या जागी ठेवा. दोन खोल्यांमधली भार न घेणारी भिंत काढायची असेल तर तिथे परत विटा नकोत, ड्रायवॉल किंवा कपाट. दारं रुंद करा. आणि बाथरूम कधीतरी फोडावीच लागते, तेव्हा त्याच वेळी शाफ्टला दार, प्लायवूड, रिकामा कॉन्ड्युट ही तिन्ही कामं उरकून घ्या, त्यासाठी पुन्हा फोडाफोडी करायची नाही. बदलाला परवानगी लागते की नाही ते काम सुरू करण्याआधी विचारा.

गिलावा आणि टाइल्स चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, एका कोपऱ्यापासून पाईप किती अंतरावर आहे ते कळलं पाहिजे. हे फोटो, सांगाड्याचं ड्रॉइंग, कुठल्या स्लॅबवर किती भार धरलाय तो आकडा, बंद करून ठेवलेल्या लिंटेलच्या आणि टोपी लावलेल्या पाईपच्या जागा, हे सगळं छापून डीबीच्या कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोनमध्ये नको, फोन तीन वर्षांत बदलतो, आणि घर विकलंत तर ते फोल्डर घराबरोबरच द्या.